घट

घरचा काटा पंख्याच्या वाऱ्यानेही हलतो,
म्हणून बॅगा जेटीवर नेल्या,
झिलू तांडेलाच्या काट्यावर.
तासाभरापूर्वी तिथे तांबोशीच्या टोपल्या लागल्या होत्या.
हर्षालीची निळी बॅग : पंचवीस आठशे.
मर्यादा तेवीस.
"बापाच्या बर्फासारी वाटेत हलकी होतली गो,"
झिलू म्हणाला, आणि लिलावातली चार माणसं हसली.

तिथेच ओल्या फरशीवर बॅग उघडून
सुलभाने दोन किलो आठशेचा निकाल लावला.
कुळथाची पिठी राहिली. सोलं राहिली.
स्वेटर काढला, घातला,
पितळी निरांजन काढलं आणि हातातच धरून बसली.

मी बर्फ कारखान्यातला माणूस.
बावीस वर्षं अमोनियाच्या वासात
मिठाचं पाणी उणे दहावर राखतो.
वेंगुर्ल्याहून निवतीला लादी निघाली
की शंभराला बारा घट धरायची,
मे महिन्यात अठरा,
भुसा चांगला असेल तर नऊ.
हे कुणी शिकवत नाही.
नुकसान शिकवतं.

गॉलवेला जाताना वाटलं होतं,
थंडी म्हणजे आपल्याच धंद्यातली.
पण तिथली डब्यात बसत नव्हती,
कॉलरमधून आत शिरायची, पावसाला आडवं धरून.

हॉस्टेलची खिडकी चार बोटं उघडायची, त्यापुढे नाही.
मी हीटरचा व्हॉल्व्ह फिरवून पाहिला,
सांध्यांवर बोट फिरवलं, गळती नव्हती,
मग कान लावून आतलं पाणी ऐकलं.
दुसरं काय करणार होतो मी त्या खोलीत?
सुलभा चादर घालत होती, काढत होती,
पुन्हा घालत होती.
"आई, पुरे आता."
दुकानात तवा घेतला, साडेतीन हजारांचा.
मी आकडा मोठ्याने बोललो,
हर्षालीने माझा हात दाबला.

चौथ्या दिवशी धक्क्यावर गेलो, मीच हट्ट धरला.
तिथे यंत्रातून चुऱ्याचा बर्फ पडत होता,
पांढरा, कोरडा, शेवेसारखा.
पिवळ्या बुटांचा एक माणूस होता.
मी हातांनी विचारू लागलो आणि हर्षाली मध्ये आली.
माझी लादी, माझे डबे, माझं मिठाचं पाणी
तिने त्याच्या भाषेत नेलं.
उणे दहा, ती म्हणाली. मला न विचारता.
मग कॉम्प्रेसर कोणता, तेही.
सहावीपासून जी कारखान्याच्या दारातून
नाक दाबून जायची,
तिला हे कधी कळलं,
मी विचारलं नाही. त्या माणसाने
मूठभर चुरा माझ्या हातावर ठेवला.
वितळेपर्यंत मी तो धरून होतो.

निघायच्या सकाळी बसथांब्यावर
तिचीच बस आधी आली.
कसल्या तरी नोंदणीची रांग होती, उशीर नको होता.
सोडायला आम्ही गेलो होतो
आणि मागे उभे राहिलो आम्हीच.
सुलभाने निरांजन तिच्या जॅकेटच्या खिशात कधी सारलं,
मी पाहिलं नाही. खिसा फुगलेला दिसला, एवढंच.

खोलीत जागा नाही म्हणून मोठी बॅग परत आणली.
आज ती घेऊन जेटीवरून येत होतो.
चाकाजवळ तांबोशीचं एक खवलं,
सुकून नखासारखं झालेलं,
इतकं लांब जाऊन आलेलं.
झिलूने गंमत म्हणून बॅग काट्यावर ठेवली.
चार सहाशे.
"कितकी घट धरलंस रे?"

मी तोंड उघडलं.
आकडा येतो नेहमी, विचार न करता,
महिना कोणता, रस्ता केवढा, भुसा कसा,
तसा या वेळी येईल असं वाटलं.

आतून बावतीस ओरडत होता,
तीन नंबरचा ट्रक लागलाय म्हणून.
"उतर ती बॅग आधी," मी झिलूला म्हटलं,
"माझा बर्फ उन्हात आसा."